मॅटी हॅनलीचं दार

फिलोमिना हॅनलीला आयर्लंडातल्या आमच्या लिमरिक शहरात कुणी पत्ता विचारला, तर ती हमखास पाडून टाकलेल्या रस्त्यावरून न्यायची. “सॅडलर्स लेनमधून सरळ जा, पाण्याच्या पंपापाशी डावीकडे वळा,” असं ती बेधडक सांगायची. विचारणारा बिचारा सुपरमार्केटसमोर गाड्यांच्या रांगेत उभा राहून पंप शोधत बसायचा. गल्ली पाडून तिथं सुपरमार्केट आलं त्याला किती वर्षं झाली हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिच्या डोक्यात ती गल्ली चालू होती, दारं उघडी होती आणि बायका उंबरठे घासत होत्या.

गंमत अशी, की ती स्वतः इथली नव्हतीच. नदीपलीकडच्या क्लेअरमधली, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन शहरात आली तेव्हा बेकरीत तिच्या शेजारी कामाला असणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिला ‘बाहेरची’ ठरवून टाकलं. आमच्याकडे एक पूल ओलांडला की माणूस बाहेरचा होतो आणि मग त्यानं काहीही केलं तरी तो बाहेरचाच राहतो. मुलंबाळं झाली, केस पांढरे झाले, तरी दुकानात कुणीतरी म्हणायचंच, “तुला नाही कळायचं फिल, तू इथली नाहीस ना!”

नवरा मात्र अस्सल इथला. मॅटी हॅनली, जन्म सॅडलर्स लेनचा. आईबाप क्षयानं गेले, मावशीनं वाढवलं, मावशी इंग्लंडला गेली आणि तिकडेच वारली, एवढी त्याची कहाणी. पुढे नगरपालिकेनं गल्ली पाडली आणि सगळ्यांना टेकडीवरच्या नव्या घरांत नेऊन बसवलं. मॅटी रेल्वेत हमाल होता, मितभाषी होता, पण गल्लीचं नाव निघालं की खुलायचा. पंपाचा दांडा हिवाळ्यात हाताला कसा चिकटायचा, कोळशाच्या गाडीचा घोडा कुणाच्या दाराशी अडून बसायचा, हे तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला थंडी वाजावी. फिलनं त्या गोष्टींवर जीव टाकला. नवऱ्याची गल्ली आपली केली की आपणही इथले होऊ, असा तिचा भाबडा हिशोब होता.

म्हणून तिनं गल्ली शोधायला घेतली. कागदांत काही मिळेना. तिथं साऱ्या ओळीच्या मालकाचं तेवढं नाव, भाडेकरूंची नावं लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. मग माणसांवर विसंबणं आलं. भिंतीला लावायच्या कागदाची गुंडाळी ती उलटी करून स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरायची, टेकडीवरच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना चहाला बोलवायची आणि म्हणायची, “आपला कप आपल्या दाराशी ठेवा.” मग सुरू व्हायची जुंपाजुंपी. “अगं टेस, तुझा कप माझ्या परसात आलाय, सरक!” “तुझं परस होतं कधी क्रिस्टी? कोंबडीलासुद्धा वळता यायचं नाही तिथं!” भांडण मिटलं की फिल कपांभोवती पेन्सिल फिरवायची. असं कपाकपानं तिनं अख्खी सॅडलर्स लेन उभी केली. ग्लीसनांचा कप आणि कॉनरींचा कप यांच्यामधला कप मॅटीचा. तो ठेवताना क्रिस्टी ग्लीसन आणि टेस कॉनरी दोघंही मान डोलवायचे.

पुढे तिची ख्याती झाली. बोस्टनहून, सिडनीहून पणतवंडं आपली माणसं शोधत यायची आणि वाचनालयातून त्यांना थेट फिलच्या दारी धाडलं जायचं. ती त्यांना सुपरमार्केटच्या गाड्यांच्या जागेत न्यायची, ट्रॉल्या लावतात तिथं उभं करायची आणि म्हणायची, “ही तुमच्या पणजीची चूल.” माणसं रडायची, खडा उचलून रुमालात बांधायची. मॅटी बाजूला टोपी हातात घेऊन उभा असायचा. कुणी विचारलंच तर बोट दाखवायचा, “आमचं दार इथं होतं.”

एकदाच कुणी रिकाम्या हातानं परत गेलं. मेलबर्नची एक बाई, आडनाव डुएन. आजोबा सॅडलर्स लेनचे, ग्लीसनांना लागून घर, असं तिला घरच्यांनी सांगितलेलं. फिलनं कागद पसरला, दोनदा तपासला आणि ठामपणे सांगितलं, “नाही हो. ग्लीसनांना लागून हॅनली. तुमची माणसं या गल्लीतली नव्हेत.” बाईचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून आलेली, तरी चहा न घेताच गेली. तेव्हाही मॅटी, क्रिस्टी आणि टेस टेबलाशीच होते. टेसनं कपात आणखी साखर घातली, एवढंच.

इतरांच्या पणज्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी फिल चर्चमध्ये तास-तास धुंडाळायची. नवऱ्याची कधी पाहिली नाही. माणूस समोर जेवायला बसलेला असताना त्याची नोंद कशाला शोधायची?

त्या वर्षी फेब्रुवारीत मॅटी गेला. छातीत कफ झाला आणि आठवड्यात आटोपलं. जाण्याआधी त्यानं एकच मागितलं. आमच्याकडे शवपेटीची गाडी चर्चमधून स्मशानाकडे जाताना मेलेल्याच्या घराशी क्षणभर थांबते. मॅटी म्हणाला, “इथं नाही थांबली तरी चालेल गं. गल्लीत थांबव.” फिलनं त्याचा हात धरून वचन दिलं. अख्ख्या शहरात ते दार अचूक दाखवू शकणारी ती एकटीच होती, आणि त्या दुःखातही तिला याचा अभिमान वाटला.

मॅटीला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, हातात जपमाळ गुंफून. दुपारभर माणसं येत होती, फिलचा हात हातात घेऊन “फार वाईट झालं” म्हणत होती आणि आत जाऊन हॅमचे सँडविच खात होती. त्यात एक अनोळखी म्हातारा आला. उंच, ओला कोट, बोलण्यात इंग्लंडची झाक. त्यानं पेटीत पाहिलं, मॅटीच्या कपाळाला बोट लावलं आणि ढसाढसा रडला.

“मी नेड टाफ. कॉव्हेंट्रीहून आलो. पेपरात वाचलं,” तो फिलला म्हणाला. “त्यानं माझं नाव काढलं असेल कधी?”

“नाही हो. रेल्वेत होतात का?”

“रेल्वेत कुठला! शाळेत. चर्चच्या ब्रदर लोकांच्या, अनाथ पोरांच्या. आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या, मिसेस हॅनली. तीन वर्षांचा होता तो, आणला तेव्हा. सोळाचे होईतो आम्ही बरोबर.”

फिल हसली. म्हातारा दुसऱ्याच कुणाच्या मयताला आलाय, असं तिला वाटलं. “तुमची गल्लत होतेय. माझा मॅटी सॅडलर्स लेनचा. मावशीनं वाढवलेला.”

“मावशी?” नेडनं पेटीकडे पाहिलं. “आम्हाला कुणाला मावशी नव्हती हो. मावशी असती तर तिथं कशाला असतो? गल्ली वगैरे मला ठाऊक नाही. त्याच्या डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे, बघा. धोबीखान्यातल्या इस्त्रीचा. मी शेजारीच होतो.”

तो डाग फिलनं लग्नाच्या पहिल्या रात्री पाहिला होता. मॅटी म्हणाला होता, लहानपणी मावशीच्या चुलीवर पडलो.

ती स्वयंपाकघरात गेली. टेस कॉनरी पावाला लोणी लावत होती, क्रिस्टी ग्लीसन दाराशी व्हिस्कीचा पेला धरून उभा होता. फिलनं कपाटामागची गुंडाळी काढली आणि सँडविचच्या ताटावरच पसरली.

“टेस, तुझ्या घराला लागून कोण राहायचं?”

“अगं, आत्ता हे काय काढलंस? बस तू, चहा घे.”

“कोण राहायचं?”

टेसनं क्रिस्टीकडे पाहिलं. क्रिस्टीनं पेल्यात पाहिलं. एवढ्यानंच फिलला कळलं, पण तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“सोळाचा असताना आला तो,” क्रिस्टी अखेर म्हणाला. “माझ्या बापाच्या कोळशाच्या गाडीवर. घोड्याशेजारी झोपायचा. एका हिवाळ्यापुरता, मग गल्लीच पाडली. गुणी पोरगा होता. लोक विचारायचे, कुठला रे तू? आणि शाळेचं नाव सांगितलं की काम मिळायचं नाही, पोरगी तर सोडूनच दे. माझी आई म्हणाली, सांग सॅडलर्स लेनचा म्हणून, आम्ही आहोत. मग सगळ्यांनीच तसं म्हणायचं ठरलं.”

“सगळ्यांनी?”

“टेकडीवरच्या सगळ्यांनी,” टेस म्हणाली. “त्यात कुणाचं काय बिघडलं, फिल? बिचाऱ्याला एक घर मिळालं.”

“आणि मला?” फिलचा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतला जपमाळेचा पाठ थांबला. “माझ्या टेबलावर बसून, माझा चहा पिऊन, तुम्ही त्याचा कप ठेवलात! मी मूर्खासारखी पेन्सिल फिरवत बसले! ती डुएन बाई. बोल ना टेस! ते घर डुएनांचं होतं ना?”

टेसनं सुरी खाली ठेवली. “होतं.”

“ती इथून रडत गेली. आणि तू साखर ढवळत बसलीस.”

“मग काय, त्याला तोंडघशी पाडायचं होतं? तो तिथंच बसला होता, फिल! त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस. मी पाहिला.”

“मला एकानं तरी सांगायचं होतं. चाळीस वर्षं मी तुमच्यात राहतेय. तुमच्या पोरांची बारशी केली, तुमची मढी धुतली.”

क्रिस्टीला वाटलं आपण समजूत घालतोय. तो मवाळपणे म्हणाला, “तुला सांगून काय होणार होतं? तुला नसतं कळलं ते. तू इथली नाहीस ना.”

हे वाक्य तिनं हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा हसून सोडून दिलं होतं. त्या दिवशी ते थेट काळजात गेलं. नवऱ्याचा राग तिला येतच होता. या माणसानं तिला वर्षानुवर्षं त्या गाड्यांच्या जागेत उभं केलं, तिचं कौतुक पाहिलं, मरताना तिच्याकडून वचनसुद्धा घेतलं, पण खरं काही दिलं नाही. पण तो तरी पोरका होता, भ्यालेला होता. ही माणसं तर भ्यालेली नव्हती. त्यांनी मुकाट्यानं ठरवलं होतं की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, आणि एका हिवाळ्यापुरत्या आलेल्या पोराला आत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मुलगी ओर्ला तिच्या शेजारी होती. तिला फिलनं सगळं सांगितलं होतं आणि ती हळूच म्हणत होती, “आई, आज नको गं. आज डॅडींना जाऊ दे.” शवपेटीच्या गाडीचा मालक मिस्टर थॉर्नटन, काळ्या कोटातला अदबशीर माणूस, ठरल्याप्रमाणे गाडी सुपरमार्केटच्या आवारात घेऊन आला.

टेकडीवरची सगळी म्हातारी माणसं तिथं आधीच येऊन उभी होती. पुरुषांच्या टोप्या हातात, बायकांच्या डोक्याला रुमाल, बारीक पाऊस. ट्रॉल्या ढकलणारी गिऱ्हाइकंसुद्धा जागच्या जागी थांबली. गाडी थांबली. या वेळी घरच्यांनी मोटारीत बसून राहायचं असतं. फिल दार उघडून खाली उतरली.

ती सरळ क्रिस्टी ग्लीसनसमोर जाऊन उभी राहिली. “मॅटीचं दार कुठलं?”

“फिल...”

“सगळ्यांसमोर विचारतेय. कुठलं?”

क्रिस्टीनं पेटीकडे पाहिलं, मग टोपी धरलेला हात उचलला आणि डांबरावरच्या त्या रिकाम्या जागेकडे रोखला. “ते तिथं. आमच्याला लागून.”

“टेस?”

टेस रडत होती. तिनंही तिकडेच बोट दाखवलं. मग फिल पुढे सरकली, एकेकापुढे उभी राहिली, आणि एकेकानं तिच्या डोळ्यांत डोळे घालून तेच ठिकाण दाखवलं. कुणी इंचभर चुकलं नाही. काल स्वयंपाकघरात जे कबूल केलं होतं, ते आज मॅटीच्या समोर बोलायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता.

ती मोटारीशी परत आली. ओर्लानं आतून हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. थॉर्नटन वाकून हलक्या आवाजात म्हणाला, “मिसेस हॅनली, आता निघू ना? की आणखी कुठं थांबायचंय मिस्टर हॅनलींसाठी?”

“मला काय विचारता?” फिल म्हणाली. “त्या सगळ्यांना विचारा. तो त्यांचा होता. मी बाहेरची आहे.”