टॉवेल-टोपी दिलेला माणूस

माझा नवरा एका पिक्चरमध्ये आहे. जुना, विनोदी पिक्चर. माझी दोन लेकरं लहान होती तेव्हा मुंबईची मंडळी नेकनूरच्या बाजूला आमच्या गावात आली, काही दिवस राहिली, कपिलधारला धबधब्याखाली एक गाणं केलं आणि गेली. त्यात हिरो आमच्या बैलगाडीतून उकिरड्यात पडतो आणि गाडी हाकणारा माझा नवरा पोट धरून हसतो. हसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला खरंच हसू फुटलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. घरी तो असा हसलेला मला आठवत नाही.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्याकडं त्याचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात तो पकडून आणलेल्या चोरासारखा दिसतो. म्हणून दुपारी मी नातीच्या मोबाइलवर तेवढं हसणं बघायची. मागच्या उन्हाळ्यात तेही बंद झालं.

"आज्जे, पिक्चर काढून टाकलाय. कॉपीराइटचा दावा हाय म्हणं."

"म्हणजे काय?"

"पिक्चर कुणाचा, त्याचं भांडण लागलंय. ते मिटंस्तोवर दिसायचा न्हाई."

"आपल्या वावराचा दावा एवढी वर्षं चालला, तवा वावर कुठं गेलतं का? तिथंच होतं. पेरत बी होतो."

"ते वावर हाय, आज्जे."

"मग ह्ये काय हाय?"



दिवाळीनंतर एक वकील दारात आला. चांगला पोरगा होता, बूट बाहेर काढून आत आला. पिक्चर दोघांनी मिळून काढला होता म्हणे. दोघंही आता नाहीत. एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी भांडतायत, खरा मालक माझाच बाप म्हणून. हा मुलीकडचा वकील. त्यानं एक फोटो पुढं केला. एका बारक्या माणसाच्या डोक्यावर माझा नवरा टोपी ठेवतोय, खांद्यावर टॉवेल आहे, कपाळाला भस्म आहे आणि मागं ताट धरून मी उभी आहे.

"आजी, हे आमच्या बाईंचे वडील. सगळ्या गावानं यांचा सत्कार केला. मालक म्हणूनच केला ना?"

"व्हय, मालक म्हणूनच."

त्याचा चेहरा खुलला. "मग तेवढं कोर्टासाठी सही करून द्या. निकाल लागला की पिक्चर पुन्हा दिसायला लागेल."

मी सही करणारच होते. मग म्हटलं, ह्याला विचारावं.

"पण तो मालक होता का?"

"म्हणजे? तुम्हीच तर सत्कार केला!"

"आमी अंदाजानं केला."

खरं तेच होतं. त्या मंडळीत एक जाडा माणूस सकाळपासून ओरडायचा. हे उचला, ते हलवा, ऊन गेलं, बैल का हलला. दुसरा हा बारका, लिंबाखाली बाजेवर बसून असायचा, एक शब्द बोलायचा नाही. आमच्याकडं मोठ्या घरचा माणूस ओरडत नाही. ओरडायला त्याचा मुनीम असतो. म्हणून गावानं ठरवलं, हा बसलेला मालक आणि तो ओरडणारा मुनीम. निघायच्या दिवशी टॉवेल-टोपी बसलेल्याला दिली. पुरणपोळीवर तूपही त्यालाच आधी वाढलं. तो जरा दचकला, मग त्यानं हात जोडले. जाडा मोठ्यानं हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. मालकाला मान मिळाला म्हणून हसला की आम्ही चुकलो म्हणून, ते आम्ही विचारलं नाही. विचारणार कोण?

वकील म्हणाला, "आजी, एवढं सगळं कोर्टाला सांगायची गरज नाही."

"मग सही कशाची घेतोस?"

तो फोटो घेऊन गेला. पुढं जाड्याच्या मुलाकडचा वकील आला. वयानं मोठा, घाईतला. त्याच्याकडंही तोच फोटो. पहिल्याला मी काय बोलले ते त्याला कुठून तरी कळलं होतं.

"बाई, सत्कार चुकून झाला, एवढंच लिहून द्या."

"चुकून झाला ह्ये तरी मला कुठं ठाव हाय?"

"त्या वकिलाला तर म्हणालात, अंदाजानं केला!"

"अंदाज बरोबर बी असतो की."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्याचा पिक्चर लपवून ठेवलाय. चहा अर्धा टाकून गेला.

नात तणतणली. "एकाला तरी व्हय म्हणायचं होतं, आज्जे. आजोबा दिसले असते."

दिसले असते. ते मलाही कळतं. पण दोघंही विचारत होते मालक कोण, आणि मला ठाऊक होतं फक्त कोण बसला होता आणि कोण ओरडत होता. बसलेला माणूस मालक असतो हे मुंबईतही खरं असतं का, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पिक्चर अजून बंदच आहे.