रामहरीचा भोंगा

रामहरी ग्रामपंचायतीचा शिपाई. मिरजगावजवळच्या त्याच्या गावात रोज सकाळी भोंग्यावर त्याचाच आवाज घुमायचा. रेशन कधी, लसीकरण कुठं, कुणाची शेळी हरवली, सगळं तो सांगायचा. पावसाळा लागला की वर पुस्ती जोडायचा, "साप चावला तर बांधू नका, कापू नका, देवऋष्याकडं जाऊ नका. थेट दवाखाना गाठा." रोज तेच ऐकून लोक त्याची नक्कल करायचे.

श्रावणात तूर खुरपताना सुरेखाच्या पायाला घोणस चावली. माणसं तिला देवऋष्याकडं न्यायला निघाली, तशी तिची सासू लंकाबाई आडवी आली. "रामहरी रोज काय सांगतोय? आधी गाडी काढा," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी सुरेखा दवाखान्यातून घरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सासू-सुना पंचायतीत आल्या. लंकाबाईनं रामहरीच्या हातावर साखर ठेवली.

"दादा, तुमी रोज सांगत व्हता, म्हनून माजी सून घरी आली."

साखर तोंडात टाकून रामहरीनं डोळे पुसले आणि भोंगा सुरू केला.

"आपली सुरेखा सुखरूप घरी आली हाय."

गावाला ते कालच कळलं होतं. तरी त्याला ते सांगायचंच होतं.