डाव्या पायासाठी

साठीला टेकलेल्या, डोक्याचं मैदान झालेल्या त्या माणसाला सगळे ‘छोट्या मिस्त्री’ म्हणत. मोठा मिस्त्री म्हणजे त्याचा बाप. तो जाऊन वर्षं लोटली होती, तरी मुलाला बढती काही मिळाली नव्हती. गॅरेजही बापाचंच, पत्र्याच्या छपराचं, दोन गाड्या अंग चोरून उभ्या राहतील एवढं. अलीकडे त्याने मोठी कामं घेणं सोडलं होतं. ऑइल बदल, ब्रेक बघून दे, बॅटरीची तोंडं घासून दे, असली उभ्या उभ्या होणारी कामं तेवढी करायचा. वाकला की कंबर अशी धरायची, की सरळ व्हायला भिंत शोधावी लागायची. इंजिन उतरवायचं काम आलं, की तो चौकातल्या मोठ्या गॅरेजकडे बोट दाखवायचा.

ताई आली तेव्हा मात्र त्याला बोट दाखवता येईना. ती त्याची थोरली बहीण. भर दुपारी तिने भाऊजींची, म्हणजे नवऱ्याची, जुनी गाडी शेजाऱ्यांकरवी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढवून आणली. भाऊजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वाचा परतली, हात बराचसा परतला, पण डावा पाय अजून ओढतच चालायचे. पाण्याचे पंप विकण्याच्या निमित्ताने आयुष्यभर याच गाडीतून हिंडलेला माणूस आता खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा.

“त्यांना क्लच दाबता येत नाही,” ताई म्हणाली. “तू क्लचच काढून टाक.”

“क्लच म्हणजे काय शर्टाचं बटण आहे, ताई?”

“बिनक्लचच्या गाड्या असतात ना? हिलाच तसं कर.”

“मग तशीच एखादी घ्या की. ही धूर ओकते, चढावर हिला धाप लागते. हिचं वय झालंय आता.”

“त्यांचंही झालंय,” ताई म्हणाली. “दुसऱ्या गाडीत ते बसायचे नाहीत. विचारून झालंय माझं.”

छोट्या मिस्त्रीने हो म्हणून मान हलवली. संध्याकाळी घरी सांगितलं, तेव्हा बायकोने हातातलं काम थांबवून नुसतं त्याच्याकडे बघितलं. “अहो, परवा मोजे घालताना मला हाक मारलीत तुम्ही,” एवढंच म्हणाली.

इंजिन उतरलं. साखळीच्या कप्पीवर लोंबकळणाऱ्या त्या काळ्या धुडाकडे बघूनच त्याला दमल्यासारखं झालं. उघडून बघतो तर रिंगा झिजून कागद झालेल्या, सिलिंडरच्या आत बोट फिरवलं तर खाचा लागत होत्या. तसेही सिलिंडर घासून मोठे करावे लागणारच होते, कारण ऑटोमॅटिक, म्हणजे बिनक्लचचा, गिअरबॉक्स इंजिनाचा थोडा जोर स्वतःच खातो. मोठ्या मापाचे पिस्टन घातले, बेअरिंगं बदलली, गिअरबॉक्सचं तेल थंड राहावं म्हणून रेडिएटरही मोठा बसवला. गिअरबॉक्स मिळाला भंगारवाल्याकडे, त्याच कंपनीच्या, मागून ठोकलेल्या गाडीतला. जुन्या धर्तीचा, तेलाच्या दाबावर आपला आपण गिअर बदलणारा, कंप्युटरची भानगड नसलेला.

पण तो आकाराने थोराड. गाडीच्या पोटातला पत्रा ठोकून ठोकून त्याला जागा करावी लागली. मागची चाकं फिरवणारा लांब दांडा लेथवर नेऊन आखूड करून आणला. उताणं पडून, डोळ्यांत गंज घेत, एक बोल्ट बसवायला अख्खी सकाळ जायची. मध्येच तो हात छातीवर ठेवून तसाच पडून राहायचा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना गाडीखालून त्याचे नुसते पाय दिसायचे. काम चाललंय असंच कुणालाही वाटे.

शेवटी गाडी सुरू झाली. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. धुराचा मागमूस नव्हता. तो रस्त्यावर घेऊन गेला, पहिला गिअर पडला, दुसरा पडला, आणि तिसऱ्याला इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडीला ओढच मिळेना. त्याने गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. गिअरबॉक्स पुन्हा खाली काढणं आलं.

ताईला फोन केला. “ताई, माझ्याने होईल असं वाटत नाही.”

 ती म्हणाली, “ते रोज विचारतात, गाडी कुठपर्यंत आली म्हणून. दुसरं काहीच विचारत नाहीत, छोट्या.”

त्याने गिअरबॉक्स काढला. आतल्या तेलाच्या बारीक वाटा चिकट गाळाने बुजल्या होत्या. आतल्या चकत्याही जळून काळ्या पडल्या होत्या. वाटा तारेने कोरल्या, चकत्या नव्या घातल्या, पुन्हा चढवला. या वेळी तिसरा गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त आडवं व्हावंसं वाटलं.

भाऊजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. काठी मागच्या सीटवर टाकली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि इंजिन ऐकत बसले. “नवी केलीस रे,” म्हणाले. छोट्या मिस्त्री त्यांच्या डाव्या बाजूला बसला. गाडी निघाली. हात सराईत होता, वेग जपून होता. फक्त गाडी हळूहळू डावीकडे सरकत होती.

“भाऊजी, जरा उजवीकडे घ्या.”

“रस्ता तर मोकळा आहे.”

विजेचा खांब अंगावर आला तसा त्याने हँडब्रेक ओढला. आरसा खळकन फुटला, दारावर लांब ओरखडा उठला. भाऊजी समोरच बघत होते.

“काय लागलं?”

“खांब.”

“कुठे आहे खांब?”

त्याने बोट दाखवलं. भाऊजींनी मान पार वळवली, तेव्हा कुठे त्यांना तो दिसला. 

“जेवताना ताटातलं अर्धं राहतं माझं,” हळूच म्हणाले. “मग तुझी ताई ताट फिरवते. मला वाटायचं, पुन्हा वाढलं.”

 छोट्या मिस्त्रीने इतका घाम गाळला तो पायासाठी. पाय राहिला बाजूला, त्यांची डावी बाजूच त्यांना उरली नव्हती. भाऊजींनी किल्ली काढून त्याच्या हातात दिली, काठी मागितली आणि दार उघडून उतरले. वळसा घालून दुसऱ्या बाजूने येऊन बसले, आणि छोट्या मिस्त्रीने गाडी परत नेली.

ताईला सांगितलं तेव्हा ती दचकली नाही. “ताटाचं माहीत होतं मला,” म्हणाली. “वाटलं, गाडीत बसले की सगळं येईल जागेवर.”

गाडी गॅरेजमध्येच पडून राहिली. येता-जाता दिसली की तो नजर फिरवायचा. काही आठवड्यांनी एका सकाळी ताई एकटीच आली आणि उजव्या बाजूचं दार उघडून बसली.

“मला शिकव.”

“ताई, मी दमलोय गं.”

“मी पण,” ती म्हणाली. “ही सोपी केलीयस ना? मग शिकव.”

क्लच नव्हता, गिअर टाकायचे नव्हते. आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली बाई रिकाम्या मैदानात गोल गोल फिरायला लागली. ती ब्रेक असा दाबायची, की त्याची कंबर दर वेळी नव्याने दुखायची. एकदा कुंपणाची तार तोडली, एकदा रडली. पण शिकली.

आता ती भाऊजींना व्यायामाच्या दवाखान्यात नेते. ते शेजारी बसून सूचना सोडत असतात. “चढ आलाय, दुसरा टाक.”

“हिला दुसरा नाही, तिसरा नाही,” ताई म्हणते. “गप्प बसा, नाहीतर उतरवीन.”

ते हसतात, आणि पुढच्या चढावर पुन्हा सांगतात.

परवा ती गॅरेजपाशी थांबली. खाली तेलाचा थेंब पडतोय म्हणाली, जरा बघतोस का. छोट्या मिस्त्री स्टुलावर बसला होता. त्याने वाकून गाडीच्या पोटाखाली बघितल्यासारखं केलं.

“आज राहू दे, ताई,” तो म्हणाला. “उद्या बघतो.”