मागे लागलेल्या सळया

आता काय सांगू तुम्हाला, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मुलुंडच्या साइटवर त्या दुपारी माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं.

मी तिथे स्टोअर सांभाळतो. ट्रेलरवरून सळया उतरवायचं काम चालू होतं. आमचा गावडे खाली उभा राहून हातवारे करतो आणि टॉवर क्रेनचा ऑपरेटर त्याप्रमाणे माल हलवतो. पहिला गठ्ठा हातभर उचलला आणि गावडेच्या पोटात कळ आली! नारिंगी जॅकेट माझ्या हातात कोंबत तो म्हणाला, "ह्या धर जरा. पाच मिन्टात इलंय!"

बाकीचे जेवायला गेले होते. मला वाटलं, गठ्ठा तसाच लटकता ठेवून ऑपरेटरही गेला. जॅकेट झकास होतं हो! मी ते अंगावर चढवलं आणि फोटोसाठी मोबाइल वर धरून गावडेसारखा दुसरा हात गोल गोल फिरवू लागलो.

गठ्ठा वर चढायला लागला.

वारा नाही, माणूस नाही. क्रेनच्या केबिनची काच काळी, आत काही दिसेना. साइटवरचं कुत्रं वर बघून रडायला लागलं. इथलं चिंचेचं झाड तोडलं ते बरं झालं नाही, असं गडी कुजबुजायचे. मी त्यांची टिंगल करायचो.

आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर शिंदेमामा घोरत पडलेले!

"मामा, पळा!" मी हात लांब करून ओरडलो. गठ्ठा सावकाश तिकडेच वळला. मी हात ताणला, तो आणखी सरकला.

"मामा, उतरा! खाली उतरा!" मी हाताने खाली खाली दाखवलं. मामा कसले उतरतायत? गठ्ठाच त्यांच्या टपावर उतरायला लागला!

माझ्या डोळ्यांसमोर माणूस जाणार! मी डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळून वर केल्या आणि मारुतीचा धावा केला.

गठ्ठा थांबला!

माझ्या बोंबलण्याने जागे झालेले मामा दार उघडून उतरले, त्यांनी वर बघितलं आणि धूम पळत माझ्याकडे आले. तेवढ्यात गावडे पट्टा आवळत पोचला.

"गावडे, भूत रे! क्रेन रिकामी आहे!"

"रिकामी खंय? वर ऑपरेटर बसलो हा! जॅकेट जेच्या आंगार, तेच्याच हाताकडे तो बघता. तू काय केलंस?"

"मी? मी काहीच नाही केलं यार!" म्हणत मी दोन्ही हात हवेत उडवले.

वर मोटर घरघरली.

मामांनी मला मागून कडकडून मिठी मारली. माझा ऊर भरून आला. जीव वाचवला त्यांचा, माणसाला वाटणारच ना!

"असू दे मामा," मी म्हटलं.

"असू दे कसलं! गावडे, ह्याचं जॅकेट काढ आधी. तोवर मी ह्याचे हात सोडत नाही!"