काकूच्या भाताखालचा कोळसा

आमच्या हिंगोलीकडं हळद पिकते; भात म्हणजे पाहुणा. पण सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली काकूची एक पट्टी होती, कायम पाझरणारी. तिथं हळद कुजायची, भात तेवढा तगायचा. चिखलात पाय टाकला की असे बुडबुडे यायचे की त्यांवर बसून बेडूक पलीकडच्या बांधाला उतरत. मी डोळ्यांनी पाहिलंय, खोटं कशाला सांगू?

"ह्या बुडबुड्यांतून गॅस सुटतो, त्यानं हवा तापते," कृषी केंद्रातल्या बाई म्हणाल्या. भातावर पारदर्शक पेटी पालथी घालून त्या तो गॅस मोजत. "अर्ध्या पट्टीत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कोळसा मिसळून बघा. गॅस कमी होईल, पीकही सुधारेल."

काका उसळले. "कोळसा खाऊन भात येतो व्हय? औंदा पीक हुकलं तर इथं मासळीचं तळं करतो बघ!"

"खुशाल करा. आधी माझा भात होऊ द्या," काकू म्हणाली.

कोळशाचं काम मी अंगावर घेतलं. आमी हळद शिजवणारी माणसं. आमाला जाळ एकच ठाऊक, आभाळाला चटका देणारा. गाडीभर पऱ्हाटी अशी पेटवली की जिल्ह्याच्या पार त्या टोकाच्या गोरेगावचे कोंबडे भर दुपारी आरवले. उरलं काय? पदरात मावेल एवढी पांढरी राख.

"काहून जाळलंस रे समदं? कोळसा पायजे होता, अंगारा न्हाई!" काकू ओरडली.

मग काकूनं स्वतः खड्डा खणला. थोडी पऱ्हाटी पेटवायची, तिच्यावर राखेची साय धरू लागली की लगेच वर दुसरा थर. शेवटी घागरी ओतून सगळं विझवायचं. धुरात ती अशी उभी राही, की धूरच बिचारा खोकायचा. काळाकुळकुळीत कोळसा निघाला. कुटून, शेणखतात कालवून तिनं तो अर्ध्या पट्टीत मिसळला.

भात निसवून दाणा भरला तेव्हा त्या अर्ध्यात पेटीतला गॅस कमी भरला आणि लोंब्या बांधाला टेकल्या. बेडकांची मात्र पंचाईत; त्यांना पोहत जावं लागलं.

काका तळ्याची जागा मापायला टेप घेऊन आले होते. एक लोंबी तळहातावर चोळली, दाणा चावला, टेप गुमान खिशात घातला.

"पुढच्या साली उरलेल्या अर्ध्यातबी टाकायचा का?"

"टाकू की. तुमी घागर धरा." मग काकू माझ्याकडं वळली. "अन् तू लेका, काडीपेटी इकडं दे."