माझा फोन ती उचलायची

इतकी वर्षं मी हे सांगायचं टाळलं, कारण लाज वाटायची.

परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरातल्या औषधांच्या दुकानात आम्ही दोघं काउंटरवर असायचो. ती त्याच देशाच्या दूर दक्षिण टोकाची, साठीची, गोरी. बोलताना ‘र’ चांगला घोळवायची आणि ‘आय सॉ हिम’ऐवजी बेधडक ‘आय सीन हिम’ म्हणायची. तिच्या गावात सगळेच तसं बोलत. माझे उच्चार पुण्याचे, फोनवर लोकांना कळत नसत. फोन वाजला की माझा हात त्याच्यापाशी जाऊन थबकायचा. "लीव्ह इट, लव्ह," मायेने म्हणत तीच उचलायची.

एकदा मालकाने मला आत बोलावलं. "काउंटरवरचं बोलणं कळत नाही, अशी तक्रार आहे. कुणाचं?"

तक्रार माझ्याच बोलण्याबद्दल होती, हे मला ठाऊक होतं. नोकरीच्या भीतीने मी म्हणालो, "तिचं. ती चुकीचं इंग्रजी बोलते."

तिला मागे गोळ्यांची पाकिटं भरायला बसवलं. तरी फोन वाजला की ती बाहेर यायची. तिला कळलं असेल का, या धास्तीने मी तिच्याकडे बघत नसे.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी ‘सॉरी’ म्हणायला तिच्यासमोर उभा राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. माझ्या थबकलेल्या हाताकडे बघून तिने तो उचलला, आणि मी तोंड मिटलं.