तात्यांचा काढा आणि माझ्या बशीतल्या पेशी

सांगलीच्या कॉलेजात मी एम.एस्सी. करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी फोनवर काही सांगितलं की घरी ते जरा जास्तच खरं मानतात. दिवाळीआधी मी आईला एवढंच म्हणाले होते, की यकृताच्या कॅन्सरच्या, औषधाला दाद न देणाऱ्या पेशी मी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवते आणि शरपुंख्याचा अर्क घातल्यावर त्या मेल्या. शरपुंखा म्हणजे आमच्या माळावर उगवणारं झुडूप, गावाकडं त्याला उन्हाळी म्हणतात.

आणखी थोडी उन्हाळी न्यायला मी आटपाडीजवळच्या आमच्या वस्तीवर गेले, तर अंगणात पोतंभर उन्हाळी उपटून टाकलेली आणि चुलीवर पातेलं. शेजारी तात्या, माझे मेंढरं राखणारे चुलते. त्यांना यकृताचा कॅन्सर आहे आणि चालू औषध लागू पडेनासं झालं होतं. नवं सुरू करायला सोमवारी सांगलीच्या दवाखान्यात बोलावलं होतं.

"आता कशाला जायचं?" तात्या म्हणाले. "घरचीच डाक्टरीण हाय की!"

"आवं तात्या, मी डॉक्टर न्हाई. आन् आमी काढा करत न्हाई, अल्कोहोलमधी भिजवून अर्क काढतो."

"म्हंजी दारूत?" चुलती आतून ओरडली. "बघ, कसं डोळं चमकलं ह्यांचं!"

तात्या हसले. पण त्या फोननंतर प्रयोगात काय झालं ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तात्या, मागनं त्योच अर्क चांगल्या पेशींवर घातला. त्या बी मेल्या."

तात्या पातेल्यात बघत राहिले. "म्हंजी गोचिडासंगं मेंढरू बी गेलं?"

"व्हय. आन् तुमच्या जुन्या औषधाला गोचीड सरावलंय. म्हणून तर नवं देणार हायत."

"गोचीड मरंना झालं की मेंढरं धुताना औषध बदला म्हणून लोकांना लय अक्कल सांगता," चुलती दारात आली. "सोताची पाळी आली की दडून बसता व्हय?"

तात्यांनी पातेलं उतरवलं. "लय आशेनं उपटली हुती गं पोरी," ते हळूच म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघं एसटीनं सांगलीला आलो. दवाखान्याच्या फाटकात त्यांनी विचारलं, "तुजं औषध कवा हुईल?"

"ठाव न्हाई, तात्या. हुईल का न्हाई, ते बी ठाव न्हाई."

"मग तवर मला तग धराया पायजे," म्हणाले, आणि केसपेपरच्या रांगेत माझ्या पुढं जाऊन उभे राहिले.